बर्फातल्या ट्रेकला जाताय? आधी डोक्यावरचा उतार वाचा

सह्याद्रीत तयार झालेला ट्रेकर पायाखाली बघून चालतो. घसारा कुठे आहे, कातळ ओला आहे का, हाताला धरलेला दगड हलतो का, हे त्याला न सांगता कळतं. हिमालयात बर्फ पडल्यावर एवढ्यावर भागत नाही. तिथे जीव जाऊ शकतो तो वरून आलेल्या बर्फाने, नाहीतर आपण उभे आहोत तो उतारच्या उतार निसटल्याने. त्यात आपली आणखी एक सवय आड येते. कोकणातून घाटमाथा गाठायचा तर आपण नाळ, म्हणजे डोंगराच्या दोन अंगांमधली उभी घळ, शोधतो. बर्फात हीच नाळ सगळ्यात वाईट जागा, कारण दोन्ही अंगांचा बर्फ शेवटी तिच्यातच उतरतो.

डिसेंबर ते मार्च केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पास करणारे, मे-जूनमध्ये सर पास, रूपिन पास, बुरान घाटीला जाणारे आणि गुलमर्गला स्की शिकून हळूहळू आखलेल्या स्की-उताराच्या दोरीबाहेर जायला लागलेले, यांच्यासाठी हे लिहितो आहे. मोहिमांवर जाणाऱ्यांना यातलं बरंचसं ठाऊक असेल.

निसटतं ते काय

हिमस्खलनाचे प्रकार पुष्कळ आहेत, पण आपल्याला दोनच नीट कळले तरी पुरे. एक सुट्या बर्फाचं. ते एका बिंदूपासून सुरू होतं आणि खाली पसरत जातं. दुसरं स्लॅबचं, आणि माणसं मारणारं बहुधा हेच. वर एकसंध, चिकटून बसलेला थर आणि त्याच्या खाली एक कमजोर थर. कमजोर थर एका जागी खचला की तडा आडवा पळत जातो आणि पूर्ण उतार एकदम सुटतो. सुटण्याची रेषा बरेचदा तुमच्या वर असते, म्हणून उडी मारून बाजूला होणं जमत नाही.

हे बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडतं. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा स्वतःहून सुटत नाही, त्याहून उभ्या जागी तो साठतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही: फिरायला आणि स्कीला गेलेल्यांच्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा स्लॅब तोडणारा त्या गटातलाच कुणीतरी असतो. म्हणजे हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. कुठे पाय ठेवायचा आणि कधी, हे आपल्या हातात असतं.

४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीतल्या द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटर उंचीच्या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि खालच्या हिमभेगेत लोटली गेली. २९ जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू चढल्या होत्या. कौशल्य, तंदुरुस्ती, शिस्त सगळं असलेल्या माणसांचं हे झालं, आणि तेही हिवाळा सुरू होण्याआधी. बर्फ समोरच्याचा अनुभव विचारत नाही.

पहिली पायरी घरीच: हवामान

हिमालयातला हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. हे झंझावात भूमध्य समुद्राकडून येतात आणि एकामागून एक येतात. हवामान खात्याच्या श्रीनगर, शिमला आणि देहरादून केंद्रांचे अंदाज ट्रेकला निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज बघा. बघायचं ते तीन गोष्टींसाठी: बर्फ किती पडला, वारा किती होता, तापमान एकदम चढलं का.

चोवीस तासांत ३० सेंटिमीटरच्या वर नवा बर्फ पडला असेल तर सावध व्हा. जोडीला वारा असेल तर आकडा आणखी खाली आणा, कारण वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन घालतो, आणि हा भरणा आकाशातून पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने होतो. आकाश निरभ्र आहे, ऊन पडलंय, तरी धारेवरून बर्फाचा धूर उडताना दिसतोय, तर पलीकडच्या उतारावर त्या क्षणी वजन वाढतं आहे असं समजा. ताज्या बर्फावर पाऊस पडला तर त्या दिवशी उतारावर जाऊच नये.

मोठी बर्फवृष्टी थांबल्यावर निदान एक, शक्यतो दोन दिवस उभ्या उतारांपासून लांब राहा. इथेच आपली गाडी अडते. सुट्टी मोजकी, देहरादूनहून परतीचं तिकीट कन्फर्म, आणि वादळ नेमकं मधल्या दिवशी. त्यामुळे बुकिंग करतानाच एक दिवस राखीव ठेवा. तो वाया गेला तर सांकरीच्या एखाद्या ढाब्यावर मॅगी खात बसा, काही बिघडत नाही.

हिमस्खलनाचा वेगळा इशाराही मिळतो. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था (१९६९ साली मनालीत सुरू झालेली हिमस्खलन-अभ्यास संस्था ‘सासे’ २०२० मध्ये हिच्यात विलीन झाली) जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड अशा भागांसाठी जिल्हावार इशारे देते. त्यात पातळी आणि रंग असतो, आणि अमुक मीटरच्या वर असा उंचीचा उल्लेख असतो. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या तळावर हिमस्खलन आलं, ५४ जण सापडले, ८ दगावले. आदल्या दिवशी चमोलीसह काही जिल्ह्यांतल्या २,४०० मीटरच्या वरच्या भागासाठी इशारा निघालेला होता.

पातळी वाचताना एक गफलत नेहमी होते. पाचपैकी तीन म्हणजे ‘मधलं’, म्हणजे ठीकठाक, असं मनात येतं. युरोप-अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की सर्वांत जास्त मृत्यू तिसऱ्या पातळीवर होतात. चार-पाचला लोक घरी बसतात, तीनला निघतात. आणि जिल्ह्याचा इशारा हा तुमच्या समोरच्या उताराचा इशारा नव्हे. तो उतार तुम्हालाच बघावा लागतो.

नकाशावर रेघ मारा

ट्रेकची जीपीएक्स फाइल (वाटेची जीपीएस नोंद) मिळवा आणि उताराचा कोन रंगात दाखवणाऱ्या अॅपवर टाका. मार्ग ३० अंशांच्या वरच्या रंगातून जातो का, एवढंच बघून थांबू नका. मार्ग त्या रंगाच्या खालून जातो का, हेही बघा. स्वतः सपाटीवर चालत असलात तरी वरचा उतार सुटला तर तो सपाटीपर्यंत, कधी समोरच्या चढावरही येतो. माणाच्या तळावरचे कामगार कुठे चढत नव्हते, ते आपापल्या कंटेनरमध्ये होते.

अॅपमागची उपग्रहाची माहिती साधारण ३० मीटरच्या चौकोनांत असते, त्यामुळे छोटी उभी टेकाडं त्यात दिसत नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० नकाशा हाताशी असेल तर डोंगराळ भागात समोच्च रेषा (सारखी उंची जोडणाऱ्या रेषा) उंचीच्या ४० मीटर फरकाने असतात. दोन रेषा दीड मिलिमीटरपेक्षा जवळ आल्या की ३० अंशांच्या आसपास पोचलात असं धरा.

नकाशावर आणखी शोधायचं ते असं: नाळी, खाली कडा असलेले उतार, वाटेखाली वाहणारा ओढा, आणि उताराच्या पोटातून जाणारी लांब आडवी चाल. छोटंसं स्खलनसुद्धा तुम्हाला कड्यावरून ढकलू शकतं, किंवा नाळीत दोन मीटर खोल पुरू शकतं. तेच स्खलन मोकळ्या पठारावर आलं असतं तर कदाचित कंबरेपर्यंतच राहिलं असतं. मग पर्याय शोधा: रुंद धार, दाट जंगल, सपाट सोंड. जंगलाचंही तारतम्य ठेवा. झाडांमधून सहज स्की करता येईल इतकी ती विरळ असतील तर बर्फही त्यांच्यातून सहज येतो. झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या, किंवा जंगलात मध्येच सरळ उभी मोकळी पट्टी, ही बर्फाची नेहमीची वाट.

पैसे भरण्याआधीचे प्रश्न

ट्रेक कंपनीला जेवणात पनीर आहे का हे सगळे विचारतात. त्याऐवजी हे विचारा: शिखराच्या किंवा खिंडीच्या दिवशी माघार घ्यायचा निर्णय कोण घेतो, तळावरचा गाइड की शहरातलं ऑफिस? पर्यायी मार्ग कोणता? राखीव दिवस आहे का? फावडी किती, कुणाच्या पाठीवर? शेवटच्या बर्फवृष्टीनंतर मार्ग कुणी पाहून आलंय का? उत्तर ‘काळजी करू नका, आमचा रोजचा रूट आहे’ असं आलं तर काळजी करा. काल पन्नास जण गेले म्हणून आज उतार सुरक्षित ठरत नाही. स्लॅबचा कमजोर कोपरा एक्कावन्नाव्याच्या पायाखाली येऊ शकतो.

गावात पोचल्यावर म्हाताऱ्या माणसांशी बोला. गढवाल-हिमाचलात हिमस्खलनालाही लोक ‘ग्लेशियर आया’ म्हणतात, त्यामुळे ‘एव्हलांच’ विचारलंत तर नाही म्हणतील आणि ‘इस नाले में ग्लेशियर कब आता है?’ असं विचारलंत तर महिन्यासकट सांगतील. गुरं कुठे बांधत नाहीत, घरं कुठे नाहीत, हेही बघून ठेवा.

वाटेवर: डोळे, कान आणि मग हात

सकाळी तंबूतून बाहेर आल्यावर आसपासचे उतार न्याहाळा. काल-आज कुठे नवं स्खलन झालेलं दिसतंय का? दिसलं तर त्याचं तोंड कुठल्या दिशेला आणि साधारण किती उंचीवर आहे ते बघा. त्याच दिशेचे, त्याच उंचीचे बाकीचे उतारही तितकेच तयार आहेत. यापेक्षा खात्रीची खूण दुसरी नाही.

चालताना बर्फ ‘धप्प’ असा आवाज करून पायाखाली किंचित बसला, किंवा बुटापासून तडा पुढे पळाला, तर थांबा. कमजोर थर कोसळल्याची ती जाहिरात आहे. सपाटीवर असलात म्हणून ते नुसत्या आवाजावर निभावलं. त्याच पावली मागे फिरून सोप्या उतारावर या. ‘एवढा टप्पा ओलांडू’ ही चर्चा तिथे नको.

आता हात. तुमच्या मार्गासारख्याच दिशेच्या, पण छोट्या आणि खाली काही धोका नसलेल्या उतारावर फावड्याने मीटरभर खोल खड्डा घ्या. वरच्या बाजूची भिंत सरळ तासा. हातमोजा घातलेली मूठ वरून खाली भिंतीत दाबत जा. मूठ सहज आत गेली तर तो थर अगदी मऊ. मूठ जात नसेल तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी सुरी. वरून खाली थर हळूहळू घट्ट होत गेला तर बरं. वर पेन्सिल लागेल इतका टणक आणि त्याच्या खाली मूठ सरळ घुसते असं लागलं तर वाईट. त्या मऊ थरातला बर्फ तळहातावर घ्या. तो साखरेसारखा रवाळ, चमकणारा असेल, मुठीत दाबून गोळा होत नसेल, बोटांतून गळून जात असेल, तर हाच तो कमजोर थर. हिवाळ्याच्या सुरुवातीचा पातळ बर्फ, स्वच्छ आकाश आणि कडाक्याची थंडी यांत तो तयार होतो आणि वर कितीही नवा बर्फ पडला तरी आठवडेच्या आठवडे खाली तसाच राहू शकतो.

प्रदेशाप्रमाणे हे बदलतं. पीरपंजालमध्ये बर्फ भरपूर पडतो आणि हवा तुलनेने उबदार, त्यामुळे धोका मुख्यतः वादळात आणि लगेच नंतर. त्याच्या पलीकडे, मुख्य हिमालयाच्या रांगेत आणि लडाखकडे, बर्फ कमी, थंडी जास्त, म्हणून रवाळ थर टिकतात.

खड्ड्यात आणखी एक चाचणी करता येते. ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर आत असा खांब सगळ्या बाजूंनी मोकळा करा, एका टोकाला फावडं आडवं ठेवा आणि त्यावर थापट्या मारा: मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १०. तडा उमटून पूर्ण खांबभर पळाला तर तो उतार सोडा. पळाला नाही, तरी त्याच्या भरवशावर जाऊ नका. दहा पावलांवर बर्फ वेगळा असू शकतो. ही चाचणी नकार द्यायला चांगली, होकार द्यायला नाही.

कोन मोजायला सारख्या लांबीच्या दोन ट्रेकिंग काठ्या पुरतात. एक उतारावर सरळ उभी धरा. तिच्या बरोबर मध्यावरून दुसरी आडवी, चढाच्या दिशेने धरा. आडव्या काठीचं टोक बर्फाला जेमतेम टेकलं तर उतार सुमारे २७ अंश. पूर्ण काठी मावायच्या आत बर्फ लागला तर त्याहून उभा. फोनमधलं कोनमापक काठीवर ठेवूनही चालतं, थंडीत बॅटरी जिवंत राहिली तर.

वेळ

डिसेंबर-जानेवारीत प्रश्न थरांचा असतो, एप्रिलपासून तो घड्याळाचा होतो. रात्री गोठलेला बर्फ पहाटे टणक असतो आणि ऊन लागलं की पाण्याने सुटायला लागतो. पूर्वेकडचे उतार आधी, मग दक्षिणेचे, मग पश्चिमेचे. रूपिन पासची शेवटची चढाई म्हणजे चक्क एक उभी नाळ, तरी लोक ती सुखरूप करतात, कारण ती पहाटे, गोठलेल्या बर्फात होते. रात्र ढगाळ गेली आणि बर्फ गोठलाच नाही, तर ‘पहाटे निघालो’ याला अर्थ राहत नाही. पाय घोट्याच्या वर रुतायला लागले, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की वेळ संपली.

४ एप्रिल २०२३ ला गंगटोक-नथुला रस्त्यावर ७ पर्यटक गेले. वेळ दुपारची, परवाना तेराव्या मैलापर्यंतचा, माणसं पंधराव्या मैलापाशी बर्फात खेळत होती. गाडीतून उतरून फोटो काढणाऱ्यालाही हे सगळं लागू आहे.

ओलांडावंच लागलं तर

संशयास्पद उतार टाळणं हाच खरा उपाय. टाळता आला नाही तर एका वेळी एकच माणूस जाईल. बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्याकडे बघत राहतील, फोटोसाठी नव्हे, तो शेवटचा कुठे दिसला हे सांगता यावं म्हणून. सॅकचा छातीचा आणि कंबरेचा पट्टा सोडा, काठ्यांचे फास मनगटातून काढा, जॅकेटची चेन वर ओढा. उताराच्या मध्यातून जाण्यापेक्षा शक्य तितक्या वरून, नाहीतर अगदी खालून लांबून जा. मध्ये थांबायचं नाही. धारेवर चालताना वाऱ्याने बाहेर आलेला कॉर्निस, म्हणजे धारेबाहेर लोंबणारा बर्फाचा सज्जा, ओळखा आणि त्याच्या काठापासून भरपूर आत राहा. तो तुटतो तेव्हा वाटतं त्यापेक्षा बराच आतून तुटतो.

साधनं, आणि त्यांची खरी किंमत

तीन वस्तू एकत्रच घ्यायच्या: ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधण्यासाठी संकेत सोडणारं आणि पकडणारं यंत्र), निदान २४० सेंटिमीटरची प्रोब काठी (बर्फात खुपसून माणूस शोधायची) आणि धातूचं फावडं. एक जरी कमी असलं तर बाकीचं जवळजवळ निरुपयोगी. आणि ते प्रत्येकाकडे हवं, कारण तुमचं साधन तुम्हाला नाही, तुमच्या सोबत्याला वाचवतं. आपल्याकडच्या बहुसंख्य व्यावसायिक ट्रेकवर ही साधनं नसतात. माझं मत स्पष्ट आहे: ती नसतील तर ३० अंशांहून उभ्या उतारावर किंवा अशा उताराच्या खालून जाणाऱ्या बर्फाळ टप्प्यात पाय ठेवू नये, मग शिखर राहिलं तरी चालेल. गुलमर्गला गोंडोलाच्या (रोपवेच्या) वर अफरवटच्या डोंगरावर स्कीला जायचं तर ती नसताना विचारही करू नका. तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर हिमस्खलनात गेला.

परदेशातले मराठी मित्र एक चूक करतात, म्हणून सांगतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारी गार्मिन इनरीचसारखी उपकरणं भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांवर यावरून कारवाई झाली आहे.

सुटलंच तर

सापडलेल्याने आधी ओरडावं, मग बाजूला निघायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न करावा. वेग कमी होतोय असं जाणवताच हात तोंडासमोर आणून श्वासापुरती जागा करावी. थांबल्यावर बर्फ इतका घट्ट बसतो की मग बोटही हलवता येत नाही.

बाकीच्यांसाठी घड्याळ सुरू झालेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या बहुतेकांचा जीव वाचतो, अर्ध्या तासानंतर तिघांतला जेमतेम एक. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचेनच्या सोनम चौकीवर लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले होते आणि तीन दिवसांनी गेले. त्या उदाहरणावर आशा बांधू नका आणि मदत यायची वाट बघू नका. हेलिकॉप्टर येईल, पण या अर्ध्या तासात नाही.

वरून आणखी काही सुटणार नाही ना, हे एकाने बघायचं. एकच माणूस सूत्रं हाती घेईल. सगळ्यांचे ट्रान्सीव्हर शोधावर. शेवटचा दिसला त्या जागेपासून खाली, वर आलेली टोपी, काठी, मोजा शोधत जा. ट्रान्सीव्हर बर्फाला टेकवून अंतराचा सर्वांत कमी आकडा कुठे येतो ते बघा, मग तिथून २५ सेंटिमीटरच्या अंतराने गोल फिरत प्रोब घाला. लागली की काठी काढायची नाही. खणायचं ते काठीच्या डोक्यावरून नाही, उताराच्या खालच्या बाजूने थोडं मागे सरून आडवं आत, म्हणजे बर्फ बाहेर लोटता येतो आणि सापडलेल्याच्या अंगावर पाय पडत नाही. पुढचा खणणारा दर मिनिटाला बदला.

तोंड आधी मोकळं करा, घशातला बर्फ काढा. श्वास नसेल तर आधी पाच कृत्रिम श्वास, मग छातीवर दाब. श्वास असेल तर आडवं ठेवूनच हलवा, ओले कपडे कापून काढा, स्लीपिंग बॅगमध्ये घाला, हातपाय चोळू नका. नेटवर्क असेल तिथून ११२, आणि जागेचे अक्षांश-रेखांश आधीच लिहून ठेवलेले असावेत.

कुणीच गाडलं गेलं नाही, सगळे सुखरूप आहेत, तरी पुढच्या तळाला आणि गावातल्या पोलीस चौकीला कळवा. नाहीतर तुमच्या पाऊलखुणा स्खलनात शिरलेल्या पाहून दुसरा कुणी तरी गट तुम्हाला शोधायला त्याच उतारावर उतरेल.